केळीवर चढलेली चरबी

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव-गाव वगळून): रावेर-यावल पट्ट्यातला तिशीतला तरुण. वडील पूर्वी गावठी डुकरं मोकळी सोडून पाळायचे. मुलानं तीन वर्षांपूर्वी शेड बांधलं आणि यॉर्कशायरच्या संकराची चाळीसेक जनावरं ठेवली. केळी भरतात तिथून नाकारलेला माल जवळजवळ फुकट मिळतो. मोठ्या डुकराला रोज सहा किलो केळी, किलोभर मक्याचा भरडा आणि वर एका फरसाणवाल्याकडचा शेव-पापडीचा चुरा असतो. जनावरं ११० किलोपर्यंत जातात. पण व्यापाऱ्यानं लागोपाठ दोनदा भाव पाडला. त्याचं म्हणणं, ‘पाठीवर तीन बोटं चरबी आहे आणि तीही लिबलिबीत.’ वडील म्हणतात, ‘बसीबसी खातस, मंग चरबीच चढी.’ धाकटा भाऊ म्हणतो, नरांचं खच्चीकरण बंद कर, अंगानं बारीक राहतील. एका विक्रेत्यानं चरबी उतरवणारी पावडर दाखवली आहे. प्रश्न असा: खाद्य निम्मं करू, जात बदलू, पावडर घेऊ, की डुक्कर म्हणजे चरबीच असं समजून मिळेल तो भाव घेऊ?

---

भाऊ,

खाद्य निम्मं करायचा विचार निदान हे वाचून होईपर्यंत बाजूला ठेवा. तुमच्या चार पानी पत्रात व्यापारी आहे, बाबा आहेत, भाऊ आहे, पावडरवाला आहे, पण माझं बोट अडलं ते एकाच ओळीवर: सहा किलो केळी, एक किलो मका. तुम्ही ती ओळ सहज लिहून पुढे गेलात. माझ्या मते सगळं उत्तर तिथंच आहे.

हिशेब करू. केळ्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी आणि प्रथिनं जेमतेम एक टक्का. म्हणजे सहा किलो केळ्यातून प्रथिनं मिळाली साठ ग्रॅम. मक्यात साधारण नऊ टक्के, म्हणजे किलोमागे नव्वद ग्रॅम. झाले दीडशे. पन्नास-साठ किलोच्या वाढत्या डुकराला रोज लागतात तीनशेच्या आसपास. टक्केवारीत सांगायचं तर त्याच्या कोरड्या खाद्यात १५-१६ टक्के प्रथिनं हवीत आणि तुमच्याकडे ती सातच्या आसपास आहेत. उलट साखर आणि पिष्ट मात्र भरपूर. तुमचं डुक्कर एका बाजूनं तुडुंब आहे आणि दुसऱ्या बाजूनं उपाशी.

त्यातही मक्यातलं प्रथिन लंगडं. मांस बांधायला जे अमिनो आम्ल डुकराला सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन, आणि मक्यात तेच तुटपुंजं. ही गोष्ट आपल्याकडच्या बायकांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होती. कळण्याची भाकरी आठवा. ज्वारीत उडीद मिसळून दळायचा. ज्वारीत जे कमी ते उडदात आहे. तुमच्या डुकराला ज्वारी मिळते आहे, उडीद मिळत नाही, एवढाच मामला आहे.

आता उरलेल्या साखरेचं काय होतं ते बघा. लायसिन संपलं की मांसाचं बांधकाम थांबतं, विटा आहेत पण सिमेंट नाही तसं. पण केळ्यातली साखर रक्तात येतच राहते, इन्सुलिन वाढतं आणि शरीर ती साखर चरबी करून साठवायला घेतं. इथं डुकराची एक खासियत आहे. माणसात किंवा कोंबडीत साखरेची चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. डुकरात ते काम चरबीचा थर स्वतःच करतो. म्हणजे पाठीवरचा तो तीन बोटांचा थर नुसतं गोदाम नाही, तोच कारखाना आहे आणि कच्चा माल ग्लुकोज. गाय-म्हैस चरबी बनवते ती पोटातल्या आंबवणातून आलेल्या अ‍ॅसिटेटपासून, त्यामुळे म्हशीवरून डुकराचा अंदाज बांधू नका. 

बाबांचं वाक्य मी खोडणार नाही, पण त्यातलं ‘बसी’ मला ‘खातस’पेक्षा कमी महत्त्वाचं वाटतं. त्यांची डुकरं गावभर हिंडायची हे खरं. त्यासोबत ती किडे, गांडुळं, मुळं, काय मिळेल ते उकरून खायची, म्हणजे त्यांच्या पोटात उडीद जात होता. आणि मुख्य म्हणजे ती चाळीस-पन्नास किलोलाच विकली जायची. त्याच गावठी डुकराला तुमच्या शेडमध्ये सहा किलो केळी घातली, तर ते यॉर्कशायरच्या संकराच्याही आधी चरबी धरेल. (मोकळं सोडण्याकडे मात्र परत जाऊ नका. घाणीवर चरणाऱ्या डुकरातून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारी फीतकृमीची वाट आपल्या भागानं पुष्कळ भोगली आहे.)

खाद्य निम्मं केलं तर काय होईल? शरीराची वाढ रांगेनं होते: आधी हाड, मग मांस, मग चरबी. सरसकट कात्री लावली की प्रथिनं दीडशेवरून पंचाहत्तरवर येतील आणि पहिला फटका मांसाला बसेल. चरबीही थोडी घटेल, पण तुमच्या हाती येईल हडकुळं, उशिरा वाढलेलं, आणि तरीही प्रमाणात चरबट जनावर. खाद्य कमी करण्याची वेळ आहे, पण ती शेवटी. साठ किलोपर्यंत समतोल खाद्य पोटभर द्या, त्यानंतर जेवढं खातात त्याच्या ८०-८५ टक्के. तोवर मांस बांधण्याचा वेग मंदावू लागलेला असतो, म्हणून तिथली काटछाट चरबीला लागू पडते.

लहान पिल्लांना तर चुकूनही तोडू नका. इथं जरा रेंगाळतो, कारण चरबीचा इतका राग करणाऱ्याला ती आधी कशी येते हे माहीत असावं. डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात चरबी फक्त एक-दोन टक्के असते. माणसाच्या किंवा उंदराच्या बाळाला अंग ऊबदार ठेवणारी एक खास तपकिरी चरबी असते, ती डुकराला नसतेच. तिला चालवणारा जनुक डुकराच्या पूर्वजांत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच मोडला. म्हणून पिल्लं थरथरतात, एकमेकांवर चढून झोपतात. पहिल्या दिवसाची जन्मजात पुंजी संपण्याआधी चीक पोटात गेला नाही, तर ती गारठून मरतात किंवा आईखाली चिरडतात. २०१७ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी उंदराचा तो जनुक डुकरात घातला, तेव्हा पिल्लं थंडीत टिकली आणि अंगानंही कमी चरबीची निघाली. आपल्या उपयोगाचं त्यातलं काही नाही. आपल्याला दिवा पुरतो. धुळ्याकडची जानेवारीतली पहाट तुम्हाला सांगायला नको. पहिल्या काही दिवसांत पिल्लांच्या कोपऱ्यात ३०-३४ अंश ऊब हवी. मग आईचं दूध त्यांच्या अंगावर गोधडी शिवतं आणि तीन आठवड्यांत चरबी दहा टक्क्यांच्या वर जाते.

आणि ही गंमत बघा. जन्मतः जे पिल्लू लहान आणि अशक्त, तेच मोठेपणी जास्त चरबीचं निघतं. मांसाचे तंतू किती असणार हे आईच्या पोटातच ठरतं. गाभण काळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस, त्यातले पहिले तीन महिने संपेपर्यंत ही मोजणी बंद होते. ज्याच्याकडे तंतू कमी, त्याचं मांस लवकर ‘भरतं’ आणि उरलेलं अन्न चरबीत जातं. म्हणजे मादी गाभण असताना तिला नुसत्या केळ्यांवर ठेवलं, तर आजची बचत सात-आठ महिन्यांनी व्यापाऱ्याच्या सुरीखाली दिसते. माद्यांचा विषय निघालाच आहे तर: त्यांच्या अंगावर चरबी हवीच. चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं, त्याचा शोध १९९४ मधला. अंगात साठा किती आहे याची खबर ते मेंदूला देतं. वेतानंतर वाळलेली मादी वेळेवर माजावर येत नाही ती यामुळेही. पाठीवर तळवा दाबल्यावर कणा लागावा, पण दिसू नये. मादी एवढी राखा.

आता ‘लिबलिबीत’. हा शब्द व्यापाऱ्यानं भाव पाडायला वापरला असेल, पण तो खोटा नाही. त्याचं कारण केळी नव्हेत, शेवेचा चुरा आहे. डुकराच्या अंगात दोन वाटांनी चरबी येते. साखरेपासून स्वतः बनवलेली चरबी घट्ट असते, पांढरी, सुरीला धरणारी. पण खाल्लेलं तेल गाईसारखं पोटात बदलत नाही, ते जवळपास तसंच थरात जाऊन बसतं. सोयाबीन तेल खाल्लं की थर सोयाबीन तेलासारखा. शेंगदाण्यावर पोसलेल्या डुकराची चरबी मऊ पडते, हे जगभरच्या पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चुरा बंद केला तरी थर लगेच बदलत नाही, म्हणून विक्रीआधीचे सहा-आठ आठवडे तो पूर्ण बंद. खरं तर त्यातलं मीठ बघता मी तो कायमचाच बंद करेन. मीठ जास्त आणि पाणी कमी पडलं तर डुकरं झटके येऊन मरतात.

चुरा गेला की कोणीतरी हॉटेलचं उरलेलं सुचवेल. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० पासून देशात आहे आणि न शिजलेल्या डुकराच्या मटणाच्या तुकड्यातून तो शेडमध्ये येऊ शकतो. उपचार नाही, आला की शेड रिकामं. उकळल्याशिवाय खरकटं आत येऊ देऊ नका. मी तर आणूच नका म्हणेन.

तर उडीद कुठून आणायचा? डुकराला खरा उडीद परवडणार नाही, सोयाबीनची ढेप परवडते. तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि लायसिन भरपूर. पन्नास-साठ किलोच्या जनावराला सहाऐवजी चार किलो केळी द्या आणि सोबत एक किलो कोरडं खाद्य, ज्यात निम्मी सोयाबीन ढेप, उरलेला मक्याचा भरडा, वर खनिज मिश्रण आणि चिमूट मीठ. यातून तीनशे ग्रॅम प्रथिनं होतात. केळी पिकू द्या. कच्च्या केळ्यात, विशेषतः सालीत, तुरटपणा असतो, डुकरं ती हात राखून खातात. केळीच्या कांदेबाग हंगामाचा माल उतरतो तेव्हा केळी जास्त येतील आणि हात सैल सुटेल, तेव्हाच वजनकाटा लागतो.

दोन सापळे इथंच सांगतो. घरचं कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. कच्च्या दाण्यात प्रथिन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णतेनंच मोडतात, आणि दाण्यातलं तेल पुन्हा चरबी मऊ करेल. आणि सरकीची ढेप. खानदेशात कापूस, म्हणून सरकी ढेप स्वस्त, म्हशीला चालते म्हणून डुकरालाही चालेल असं वाटतं. नाही चालत. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य म्हशीच्या पोटात बरंचसं निष्प्रभ होतं, डुकराच्या नाही. ते हृदयावर जातं. धडधाकट दिसणारी जनावरं एकाएकी धापा टाकत मेल्याची तक्रार आली, की मी आधी ढेपीचं पोतं बघायला सांगतो. शेंगदाणा ढेप थोडी चालेल, बुरशी लागलेली अजिबात नको.

‘ढेप विकत घ्यायची तर केळी फुकट मिळण्याचा फायदा काय?’ हे तुम्ही मनात म्हणालात, ते मला इथं ऐकू आलं. फायदा आहे, पण फुकटच्या केळ्यांची चरबी फुकट नसते. एक किलो मांसात पाऊण किलो पाणी असतं. एक किलो चरबीत पाणी दहा-पंधरा टक्के, बाकी निव्वळ तेल. तेवढी ऊर्जा त्या थरात भरायला जनावराला किती खावं लागतं, याचा अंदाज घ्या. ऐंशी किलोनंतरचं प्रत्येक किलो तुम्हाला जास्त खाद्यात पडतं आणि त्यातला मोठा वाटा व्यापारी कापून फेकणार आहे. ११० किलोचा हट्ट कशासाठी? तुमच्या संकराला मी ७५ ते ९० मध्ये विकेन.

काटा नसेल तर टेप चालतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, कानांच्या मधोमधपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्या, दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३ म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर १ मीटर ५ सेंटिमीटर आणि लांबी १ मीटर १० सेंटिमीटर आली, तर ते जनावर ८४ किलोचं आहे. गाडी बोलवा.

धाकट्या भावाचं म्हणणं अर्धं बरोबर. खच्ची न केलेला नर खरोखर कमी चरबीचा राहतो, खच्ची केलेला सगळ्यात जास्त धरतो, मादी मधे. पण वयात आलेल्या नराच्या मांसाला शिजवताना जो उग्र वास सुटतो, तो आणणारी दोन्ही द्रव्यं चरबीतच साठतात. म्हणजे थर पातळ झाला तरी गिऱ्हाईक पळालं. पाच महिन्यांच्या आत विकणार असाल तर भावाचं ऐका. नाहीतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पशुवैद्याकडून खच्चीकरण करून घ्या आणि खच्ची नर वेगळ्या कप्प्यात ठेवून शेवटी त्यांनाच आधी हात आखडा.

पावडर घेऊ नका. अशा पुड्यांत बहुधा दम्याच्या औषधाच्या घराण्यातलं रसायन असतं, क्लेनब्युटेरॉलसारखं. ते चरबी उतरवतं हे खरं आहे, म्हणूनच विकलं जातं. पण ते यकृतात आणि मांसात उरतं आणि खाणाऱ्याची छाती धडधडते, हात कापतात. युरोपनं आणि चीननं जनावरांच्या वाढीसाठी त्यावर बंदी घातली, ती माणसं आजारी पडल्यानंतर. लेबलावर घटक लिहिलेले नसलेली कुठलीही पुडी शेडमध्ये नको.

जात लगेच बदलायची गरज नाही, नर मात्र निवडून आणा. मांस वाढवणारा आणि पाठीची चरबी घटवणारा एक जनुकीय बदल २००३ साली सापडला, आणि तो फक्त बापाकडून आला तरच काम करतो. आईकडून आलेली प्रत गप्प असते. त्यामुळे एक चांगला नर चाळीस पिल्लांवर दिसतो. विकणाऱ्याकडे त्याच्या भावंडांचं वजन आणि पाठीची जाडी विचारा. नोंदी नसतील तर निदान ते कुठल्या वयात किती किलोला गेले ते तरी विचारा.

तुमचं पत्र एप्रिलअखेरचं, म्हणजे भुसावळ-रावेरकडचा पारा ४४-४५ वर. डुकराला घाम येत नाही. उन्हानं तापलेलं डुक्कर कमी खातं, पण चरबी जाळायचं टाळतं, त्यामुळे उन्हाळ्यात वजन घटूनही थर कायम राहतो. व्यापाऱ्याची दुसरी तक्रार उन्हाळ्यातलीच आहे, असं तुमच्या तारखांवरून दिसतं. छपरावर केळीची वाळकी पानं टाकून ती भिजवा, दुपारी अंगावर पाणी मारा, खाद्य पहाटे आणि रात्री द्या.

हे सगळं एकदम चाळीस जनावरांवर करू नका. एका वयाची आठ निवडा, चार जुन्या पद्धतीवर, चार नव्यावर, आठ आठवडे. खर्च आणि दर आठवड्याचा टेपचा आकडा वहीत. कापण्याच्या दिवशी व्यापाऱ्याला विनंती करून शेवटच्या बरगडीपाशी, कण्यापासून साडेसहा सेंटिमीटर बाजूला, कातडीसकट चरबीची जाडी मोजून घ्या. बऱ्याच देशांत हीच जागा धरतात, म्हणजे तुमचा आकडा इतरांशी ताडता येतो. थराला बोटही लावून बघा, घट्ट आहे की दबतो.

त्या दिवशी बाबांना सोबत न्या. मोजपट्टी त्यांच्या हातात द्या आणि आकडे तुम्ही लिहा.